मंगळवारी बँकेत बसणारे सर

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

फोन तांदळाच्या डब्यात ठेवला!

नवरीच्या चेहऱ्यावर लेप, माझे दोन्ही हात भरलेले, आणि हा मेला सकाळपासून वाजतोय. नवरीची आई म्हणते, "घ्या की ताई, अर्जंट असंल." अर्जंटच हाय बाई! वसुलीवाल्याला हप्ता पाहिजे. "कंपनीवाले हायत, नवीन सिमकार्ड घ्या म्हणतात," असं म्हणून पार्लरमधून आत घरात गेले, डबा उघडला, फोन खाली दाबला, वरून दोन मुठी तांदूळ.

पाच मिनिटं शांतता. मग स्वयंपाकघरातून आत्याबाई, माझ्या सासूबाई — "अगं ए सपना, तांदूळ वाजायलेत!"

नवरी हसली. लेप तडकला. पुन्हा लावावा लागला.

मलाही हसू आलं. खरं तर रडू यायला पाहिजे होतं. कुणाला तरी सांगायलाच पाहिजे, म्हणून हे लिहायला घेतलं. नवऱ्याच्या मंडप-साउंडच्या धंद्याचं फायनान्स, फ्रिज, टीव्ही — हे अंगदना माहीत आहे. (लिहिताना मी त्यांचं नाव घेते. तोंडानं घेत नाही, सासूबाई घरातच असतात!) पण पार्लरच्या खुर्चीसाठी घेतलेलं बचत गटाचं, ते फेडायला घेतलेलं दुसऱ्या गटाचं, आणि तेही फेडायला घेतलेलं मोबाइलच्या अॅपचं — ही तीन फक्त मला माहीत. एका पोलक्याचं कापड कापून दुसऱ्याला ठिगळ. आता तिसरं पोलकं उघडं पडलंय.

१० फेब्रुवारी

आज पुन्हा फोन तांदळात, आणि आत्याबाईंनी खिचडी टाकायला डबा उघडला. फोन हातात देऊन म्हणाल्या, "ह्याला किडे लागतेत व्हय?" पुढं काही विचारलं नाही. त्यांचं न विचारणंच मला जास्त लागतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

भुवया करायला बँकेतल्या शिपायाची बायको आली होती. बोलता बोलता म्हणाली, "आमच्या ह्यांच्या बँकेत दर मंगळवारी एक सर बसतेत. रिटायर झालेले. कर्जात अडकलेल्या लोकांला वाट दाखवतेत. एक रुपाया घेत न्हाईत."

माझा दोरा थांबला. म्हटलं, "माझ्या एका मैत्रिणीला पाहिजे होतं असं कुणीतरी."

ती डोळे मिटूनच म्हणाली, "मैत्रिणीला म्हणावं, सगळी पासबुकं घेऊन जा. आन् लाजू नको म्हणावं."

कळलं तिला! पैसे घेतले नाहीत मी तिच्याकडून. (ही पण माझी खोड. कर्जात असून दानत मोठी!)

१८ फेब्रुवारी, मंगळवार

गेले! अंगदना सांगितलं — पार्लरचं सामान आणायला चालले.

कोपऱ्यातल्या टेबलाशी बद्रीनाथ सर. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, कानात मशीन. समोरच्या बाकावर आधीच बायामाणसं बसलेली. माझा नंबर आला तशी मी खुर्ची पुढं ओढली आणि हळूच म्हटलं, "सर, माझ्यावर थोडं कर्ज हाय."

"काय हाय?"

"कर्ज."

"मोठ्यानं बोला बाई, मला कमी ऐकू येतं!"

"कर्ज!"

आख्खी बँक वळली. कॅशियर, पासबुकवाले, दारातला वॉचमन. आणि सरांचा आवाज तर माझ्याहून मोठा — "दोन बचत गट! वर मोबाइलचं अॅप! मालकाला माहीत हाय का?"

"न्हाई."

"काय?"

"मालकाला माहीत न्हाई!"

उठून पळावं वाटलं. तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "तुमचे दोनच हायत व्हय? माझ्या मालकाला तीन गटांचं माहीत न्हाई!" वळून बघते तर हिरव्या साडीतली एक बाई, पदर तोंडाला लावून हसतेय. तेलगावच्या सुभद्राबाई. त्यांच्या शेजारची म्हणाली, "मी तर गंठण ठेवलंय बँकेत. घरात खोटं घालून फिरते. सासू रोज म्हणती, लई चमकतंय गं!" मग सगळा बाकच हसायला लागला. मीही. पोट दुखेपर्यंत!

सर आमच्याकडं बघून विचारतात, "काय झालं? कावून हसायलेत सगळे?"

मग मात्र नीट बसवून एकेक विचारलं. कुणाचं किती, व्याज काय, कधी घेतलं. रागावले नाहीत. मला वाटत होतं साउंडचं कर्ज सगळ्यात मोठं, तेच आधी टोचतंय. सर म्हणाले, "बाई, विंचू लहानच असतो. तुमचं हे अॅप विंचू हाय. आधी त्याला चेचायचं, मग बैलाकडं बघू." आणि एक व्रत घालून दिलं — जुनं फेडायला नवं घ्यायचं नाही. काहीही झालं तरी.

"आन् पुढच्या मंगळवारी मालकाला घेऊन या. एकट्या बाईनं वाचवलेला पैसा घरातच गळतो."

बाहेर सुभद्राबाईंनी चहा पाजला. तीन गटांचं देणं असलेल्या बाईनं! लई गोड लागला.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. मिरवणुकीत आपला साउंड. अंगद टेम्पोवर उभे, कपाळाला भगवा गंध, सगळ्या गावाचे राजे! रात्री आले ते घसा बसवून. बसक्या आवाजातच म्हणाले, "सपना, पाडव्याला नवा सेट घ्यायचा. लई मोठा. बीडवाल्यांकडं हाय तसला. फायनान्सवाला बोललाय, निस्ती सही करायची."

मी म्हटलं, जेवून घ्या.

सांगायचं होतं ते घशाशी आलं आणि आमटीबरोबर खाली गेलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

सांगितलं.

धरणाच्या बाजूला एक बारशाचा मंडप सोडायचा होता. म्हटलं मी पण येते टेम्पोत. दोऱ्या सोडून झाल्यावर पाण्याकडं तोंड करून बसलो दोघं. मी त्यांच्याकडं न बघता सगळं बोलून टाकलं. दोन गट, अॅप, सर, तांदळाचा डबा.

ते दोरीचा तुकडा बोटाला गुंडाळत राहिले. मला वाटलं, आता उठतील आणि मला इथंच सोडून टेम्पो घेऊन जातील.

मग म्हणाले, "कोणतं अॅप?"

सांगितलं.

"निळ्या चिन्हाचं?"

"व्हय."

"माझं बी त्येच हाय."

मी बघतच राहिले. टेम्पोचं डिझेल, पोरांची मजुरी असं म्हणत त्यांनी दिवाळीत घेतलेलं. "तू तांदळात ठेवतीस. मी बेसच्या स्पीकरच्या बॉक्सात ठेवतो फोन. वर गादी टाकतो."

एकाच घरात दोन चोर, आणि माल एकच! इतकं हसलो की धरणावर म्हशी धुणारा माणूस आमच्याकडं बघायला लागला.

पण येताना मी म्हटलं, मग तो नवा सेट नको ना आता? तसं त्यांचं हसू गेलं. "धंद्यातलं तुला काय कळतं? सिझन हातचा जाईल."

२४ फेब्रुवारी

अंगद बोलत नाहीत. जेवले मात्र चार भाकरी.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

एकटीच गेले. सरांनी माझ्या मागं बघितलं, मालक कुठंयत म्हणाले. म्हटलं, न्हाई आले. "मग तुम्ही पण जा. चहा घ्या आन् जा." लई राग आला! पण वाटेत पटलं.

२८ फेब्रुवारी

आज बोलायची वेगळी वाट धरली. अंगद केबल गुंडाळत होते. म्हटलं, "ते सर बहिरे हायत."

"बहिरे? किती?"

"कानात मशीन हाय तरी ओरडावं लागतं."

केबल खाली ठेवली. "साउंडवाल्याला भेटायला पाहिजे मग असल्या माणसाला."

आत्याबाई उंबऱ्यात लसूण सोलत होत्या. त्या म्हणाल्या, "ताप आल्यावर दवाखान्यात जातोस ना? तसंच हाय. जा बायकूसंगं."

४ मार्च, मंगळवार

सर ओरडतात, अंगद त्याहून ओरडतात. जन्मभर साउंडच्या शेजारी उभं राहून त्यांचा आवाज तसाच झालाय. वॉचमननं आपण होऊन दार लावून घेतलं. पण बाकावरच्या बाया कान देऊन ऐकत होत्या, सुभद्राबाई सगळ्यात पुढं!

सुरुवातीला अंगद लई तोऱ्यात. धंदा असा वाढतो, कर्जाशिवाय कुणी मोठं होत नाही, असलं बरंच. सरांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नवा सेट घ्या की. चांगला असतो. मला एवढं सांगा — वर्षातून किती दिवस वाजंल?"

अंगद बोटं मोजायला लागले. लग्नसराई. गणपती. जयंत्या. दोन्ही हात संपले, पुन्हा सुरू केले, मग थांबले.

"बाकीचे दिवस कुठं असतो?"

"गोडाऊनला."

"आन् हप्ता? त्यो बी गोडाऊनला असतो का?"

अंगदनी मोजायला उघडलेली बोटं मिटली आणि मान खाली घातली. मी त्यांना पंधरा वर्षं बघतेय, त्यांना असं फक्त मामंजी गेले तेव्हा पाहिलं होतं. वाईट वाटलं मला. टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी काढला नाही.

मग सर हळू बोलायला लागले. (त्यांना हळू बोलता येतं!) बेसच्या दोन जोड्या आहेत, त्यातली एक विका. त्यातून दोघांची अॅपं मिटवा. मोठा सेट लागला त्या दिवशी भाड्यानं आणा. गटातल्या बायांना तोंडानं सांगा, लपवू नका. वसुलीवाल्याचा फोन उचला — पळणाऱ्याच्या मागंच कुत्रं लागतं. सकाळी आठच्या आधी आन् संध्याकाळी सातच्या नंतर त्यांना फोन करता येत नाही, गिऱ्हाइकाला, पाहुण्याला तर नाहीच. केला तर मला सांगा, तक्रार कुठं करायची ते मी दाखवतो.

उठताना अंगद म्हणाले, "सर, सेट घ्यायची लई इच्छा होती."

"इच्छा राहू द्या की," सर म्हणाले. "इच्छेला व्याज नसतं."

१० मार्च, सोमवार

गटाच्या बैठकीत उभी राहिले. आमच्या गटात एकीनं बुडवलं की बाकीच्यांच्या गळ्यात, म्हणून सांगायला जास्त जड. दुसऱ्या गटाचंही सांगितलं. अध्यक्षीण शिवकन्याताईंनी चांगलं झापलं — "आधी बोलायला काय झालतं तोंडाला?" दोघी-तिघी कुजबुजल्या. एक तर म्हणाली, पार्लरवालीच्या भुवया वर आन् हिशेब खाली!

लागलं. पण खोटं नव्हतं.

शेवटी ठरलं, लग्नसराई संपेपर्यंत अर्धा हप्ता. शिवकन्याताई निघताना म्हणाल्या, "माझ्या भुवया कधी करतीस? पैसे देऊन हां. तुझी फुकट वाटायची सवय मोडायचीय आता." दुसऱ्या गटाला उद्या सांगायचं. उद्या कमी जड जाईल बहुतेक.

१४ मार्च

धुळवड. पोळ्या लाटत होते, फोन वाजला. हात पिठाचे. म्हटलं, उचलायचंच ठरलंय. तेवढ्यात आत्याबाईंनी उचलला!

"कोण बोलतंय? नाव सांग आधी. रामेश्वर? गाव कोणतं रं तुझं? व्हय का! परळीच्या अलीकडं का पलीकडं? आज सणाचं बी काम लावलं तुला? पोळी खाल्ली का? न्हाई? आई न्हाई व्हय घरी? तिचे गुडघे दुखतेत? एरंडाचं पान गरम करून बांध म्हणावं..."

अंजू — आमची लेक — तोंडात ओढणी कोंबून हसतेय. मी पोळी करपवली.

शेवटी फोन माझ्याकडं आला. तोच आवाज, ज्याला मी महिनाभर तांदळात पुरत होते. बारीक झाला होता. मी सरांनी शिकवलं तसं सांगितलं — महिन्या-दीड महिन्यात सगळं मिटवतो, दोघांचंही, सातच्या नंतर फोन करायचा नाही, गिऱ्हाइकांना तर मुळीच नाही. तो म्हणाला, "बरं ताई." मग जरा थांबून, "आजीला सांगा, आईला पान बांधतो म्हणून."

ह्या पोराला मी भीत होते!

२२ मार्च, शनिवार

तेलगावचा एक जण बेसची जोडी न्यायला आला. अंगदनी सकाळीच पुसून ठेवलेली, एकदा सोडून तीनदा. भाव ठरला. तो म्हणाला, जरा वाजवून दाखवा.

जरा! आख्खी गल्ली थरथरली. अंगदनी एक गाणं लावलं, मग दुसरं, मग तिसरं. पोरं नाचायला लागली. मी पार्लरमधून अर्ध्या मेंदीच्या बाईसकट बाहेर आले. आत्याबाई दोन्ही कानांवर हात ठेवून बसलेल्या — पण मान डोलत होती, मी पाहिलं. घेणारा माणूस म्हणतो, "पटलं हो मालक, बंद करा." अंगद म्हणाले, "एवढं एक होऊ द्या."

टेम्पो गेल्यावर गोडाऊनच्या रिकाम्या जागेत उभे होते. मी गेले जवळ. म्हणाले, "आता फोन कुठं ठेवू?"

"खिशात ठेवा."

३० मार्च, रविवार

पाडवा. फायनान्सवाल्याचे सकाळपासून तीन फोन — या, सही करा, आज मुहूर्त आहे, मिक्सर फ्री आहे. मिक्सर म्हटल्यावर मलाच मोह झाला, खोटं कशाला बोलू! अंगदनी फोन स्पीकरवर लावला आणि सगळ्यांसमोर सांगितलं, "सेट विकत न्हाई पायजे. भाड्यानं असंल तर बोला."

गुढीला साखरेची गाठी बांधताना अंजू म्हणाली, पप्पा आज हिरो दिसले. ते लाजले. खरंच लाजले!

९ एप्रिल

मोठं लग्न. बीडहून भाड्यानं सेट आणला, वाजवला, सकाळी परत. भाडं, डिझेल, पोरांची मजुरी जाऊन जे उरलं ते अंगदनी माझ्या हातावर ठेवलं. "हप्ता न्हाई ह्याच्यात कुणाचा," म्हणाले, "सगळं आपलं."

मला नवरी सजवायला मिळाली त्याच लग्नात. पूर्ण पैसे घेतले! तोंड उघडून मागितले.

१५ एप्रिल, मंगळवार

मिटलं! दोन्ही अॅपं. मोबाइलवरून काढून टाकायचं बटण अंगदनी माझं दाबलं आणि मी त्यांचं.

पेढे घेऊन सरांकडं गेलो. सर म्हणाले मला शुगर आहे, आणि तीन खाल्ले. चौथा सुभद्राबाईंनी काढून घेतला. त्यांनी मालकाला आणलं होतं आज. बिचारे बाकाच्या टोकाला, टोपी हातात घेऊन. अंगद त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांना वाटलं हळूच, पण सगळ्या बँकेला ऐकू गेलं — "भ्यायचं न्हाई दाजी. सर निस्ते ओरडतेत!"

गटांचं अजून आहे. साउंडचं आहे. फ्रिजचं आहे. सर म्हणाले, दोन वर्षं धरा, व्रत मोडलं नाही तर. दोन वर्षं! तरी येताना रसवंतीवर थांबलो. मी बर्फ जास्त घातलेला घेतला. झोप लई चांगली लागणार आज.

१७ एप्रिल, गुरुवार

दुपारी मी आणि आत्याबाई शेंगा फोडत बसलो होतो. एकदम म्हणाल्या, "मला बी ने की एकदा त्या सायबाकडं."

"कावून? कानाच्या मशीनचं विचारायचंय?"

"न्हाई. माझं बी हाय थोडं. आष्टीच्या एका जणाचं."

मी हसलेच. "तुमचं? कशाचं हो?"

त्यांचे हात थांबले नाहीत. "तुमच्या लग्नातलं. लोकाच्या पोराची वरात निघती तशी माझ्या पोराची बी निघावी वाटलं. आधी शेतात निंदायला जाऊन देत होते, आता सरकारचा पगार येतो म्हातारपणाचा, त्यातनं देते. कुणाला सांगायचं?"

पंधरा वर्षं! शेंग माझ्या हातात तशीच. त्यांना वाटलं मी घाबरले. पाठीवरून हात फिरवला माझ्या.

"आता काय लई न्हाई ऱ्हायलं गं," म्हणाल्या. "निस्तं मुद्दल."